खान्देशातलं काम, मजुरी आणि स्थलांतर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बचत गटाचे हिशेब लिहिता लिहिता लोक मजुरीचे हिशेबही माझ्याकडे आणू लागले. शहादा-तळोदा भागात गेली बारा वर्षं मी हे करते आहे. बाजाराच्या दिवशी कुणी मुकादमाची चिठ्ठी वाचून घ्यायला येतं, कुणी रोजगार हमीचा अर्ज भरायला, तर कुणी नुसतंच विचारायला, "ताई, कोठे काम शे का?" प्रश्न बहुतेक तेच असतात. त्यांची उत्तरं एका जागी असावीत म्हणून हे लिहिलं आहे. जळगाव, धुळे आणि नंदुरबार, तिन्ही जिल्ह्यांतल्या मजुरांना आणि शेतकऱ्यांना ते उपयोगी पडावं.

खान्देशात काम आहे की नाही?

आहे, पण येतं तेव्हा सगळीकडे एकदम येतं आणि संपतं तेव्हाही एकदम. जून-जुलैत पेरणी आणि निंदणी, ऑक्टोबरपासून जानेवारीपर्यंत कापूस वेचणी, मग हरभरा-गव्हाची काढणी. होळी झाली की कोरडवाहू गावात हाताला काम उरत नाही.

तिन्ही जिल्ह्यांची गत सारखी नाही. रावेर, यावल, चोपडा, मुक्ताईनगर या केळीच्या पट्ट्यात विहिरी-कूपनलिकांच्या पाण्यामुळे वर्षभर काही ना काही चालू असतं. अमळनेर, पारोळा, शिंदखेडा, साक्रीकडचा बराच भाग पावसावर. आणि वर सातपुड्यात, अक्राणी-अक्कलकुव्यात, डोंगरउतारावर पावसाळी पीक एकदाच निघतं. नंदुरबार जिल्ह्यात 2011 च्या जनगणनेप्रमाणे सुमारे 69 टक्के लोक आदिवासी आहेत, आणि वरच्या पाड्यांवर दिवाळीनंतर घरात म्हातारी माणसं तेवढी उरतात. एकाच खान्देशात हे तीन वेगळे मजूरबाजार आहेत. "जिल्ह्यात मजुरीचा दर काय?" या प्रश्नाला एकच एक आकडा सांगणाऱ्यावर म्हणूनच विश्वास ठेवू नये.

शेतकरी म्हणतो मजूर मिळत नाही, मजूर म्हणतो काम नाही. खरं कोण बोलतं?

दोघंही खरं बोलतात. कापसाची बोंडं फुटतात तेव्हाच उसाच्या टोळ्या निघतात. शेतकऱ्याला माणूस हवा असतो नोव्हेंबरात, आणि त्या माणसाने उसतोडीची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली असते पावसाळ्यात, घरातलं धान्य संपलं तेव्हा. उचल घेतली की शब्द गेला. गावात कापूस झाडावर लोंबत असला तरी त्याला ट्रकमध्ये बसावंच लागतं.

माझं म्हणणं असं, की श्रावण-भाद्रपदात गावातल्या शेतकऱ्यांनी मिळून मजुरांना थोडी आगाऊ रक्कम आणि वेचणीच्या दराचा शब्द दिला, तर निम्मी माणसं थांबतील. हे मी मोठ्या शेतकऱ्यांना तोंडावर सांगते. काहींना पटतं.

आखाजीला सालदार ठरतो, तेव्हा काय बोलून घ्यावं?

सालदार म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेला शेतगडी. खान्देशात त्याचं वर्ष आखाजीपासून, म्हणजे अक्षय तृतीयेपासून, पुढच्या अक्षय तृतीयेपर्यंत धरतात. त्या दिवशी रक्कम ठरते, काही आगाऊ हातात पडते आणि पुढचं वर्ष बांधलं जातं. बोलणी ओट्यावर होतात, कागद कुणी करत नाही, आणि भांडणाचं मूळ तिथेच असतं.

बोलून घ्यायच्या गोष्टी या: सालाची एकूण रक्कम किती, त्याशिवाय धान्य, कपडे, चप्पल, चहा काय मिळणार, आजारपणाचे खाडे कापणार की नाही, सुट्ट्या किती, रात्री पाणी भरायला जायचं का, फवारणी करायची असेल तर हातमोजे-मास्क कोण देणार, आणि मध्येच साल मोडलं तर हिशेब कसा. हे सगळं एका पानावर लिहा, दोघांनी सही किंवा अंगठा करा आणि मोबाईलवर त्याचा फोटो काढा. त्याला स्टॅम्प पेपर लागत नाही.

नव्या मुलांना सांगावंसं वाटतं: 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला याच शहादा-तळोद्यात आदिवासी नेते अंबरसिंग महाराज आणि श्रमिक संघटना सालदारांच्या मजुरीसाठी आणि आदिवासींच्या हातून गेलेल्या जमिनींसाठी उभी राहिली होती. आज सालदार मालकासमोर बसून आकडा बोलतो, त्यामागे त्या माणसांची चाल आहे.

वेचणी, निंदणी रोजाने करावी की उक्ती (कामाचा ठोक आकडा ठरवून) घ्यावी?

वेचणी किलोवर, हे ठरूनच गेलं आहे. पहिल्या वेच्याला कापूस कमी असतो, दुसऱ्या-तिसऱ्याला बोंडं भरून असतात, शेवटच्या फरदडीत हात फिरवूनही वजन भरत नाही. म्हणून दर वेच्याप्रमाणे वेगळा मागा. आणि वजनाच्या वेळी काट्याजवळ उभ्या राहा. सकाळी दवात वेचलेला कापूस जड भरतो, दुपारचा हलका, यावरून कुरबूर होते, ती आधीच बोलून मिटवावी.

निंदणी उक्ती घेतली तर चार बाया मिळून दिवसाला जास्त पैसे पडतात, पण तण किती हे आधी शेतात फिरून पाहा. गाजरगवताने भरलेलं रान रोजानेच बरं.

बाईला पुरुषापेक्षा कमी मजुरी देतात, हे कायद्याला धरून आहे का?

नाही. एकाच कामाला समान मोबदला हा नियम 1976 पासून कायद्यात आहे. 21 नोव्हेंबर 2025 पासून चार कामगार संहिता लागू झाल्या, त्यातल्या वेतन संहितेतही तो आहे. पण शेतावर पळवाट अशी काढतात की काम "वेगळं" आहे: फवारणी, खत टाकणं, पाणी भरणं पुरुषाचं आणि महागाचं, निंदणी, वेचणी बाईची आणि स्वस्ताची. आठ तास वाकून निंदणारी बाई कमी दमते असं कुणाला वाटत असेल, तर त्याने एक दिवस तिच्या ओळीत बसून बघावं.

नंदुरबारच्या मिरची पथाऱ्या बघा. ओली लाल मिरची मैदानावर पसरून वाळवतात, लांबून जमिनीवर कुंकू सांडल्यासारखं दिसतं. फोटो काढायला लोक तिथे थांबतात. जवळ गेलं की खोकला येतो. ओळीने बसलेल्या बाया डोक्याला-नाकाला फडकं बांधून एकेक देठ मोडत असतात. ही मजुरीही किलोवरच. माझ्या गटातली एक बाई तिथून येते, तिची बोटं संध्याकाळभर आग आग होतात. ती हाताला तेल चोळून घेते आणि तरीही लेकराला जवळ घेत नाही, त्याच्या डोळ्याला हात लागेल म्हणून. अवकाळी पाऊस आला की माल भिजतो आणि दुसऱ्या दिवशी कामच नसतं. त्या खाड्याचे पैसे कुणी देत नाही. या बायांना हातमोजे, सावली आणि मुलांसाठी वेगळी जागा मिळायला हवी. एवढी मागणी पाच-दहा जणींनी एकत्र केली तर व्यापारी ऐकतो, हे मी पाहिलं आहे.

उसाला जायचं आहे. उचल घेण्याआधी काय बघावं?

सगळ्यात जास्त रडारड मी याच प्रश्नावर ऐकली आहे, म्हणून उत्तर लांब आहे.

आपल्याकडून दोन वाटा फुटतात. चाळीसगाव, पारोळ्याकडचे तांडे बहुतांशी महाराष्ट्रातल्या कारखान्यांना जातात. नंदुरबार, नवापूर, साक्रीकडचे लोक दक्षिण गुजरातेत, बारडोलीच्या आजूबाजूला. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. तो तोडतो, ती पाला काढून मोळी बांधते, मग दोघं मिळून गाडी भरतात. गाडी रात्री दोनला आली तर रात्री दोनला उठायचं. कापण्याचे पैसे टनावर मिळतात, उठण्याचे मिळत नाहीत.

दर दोन्हीकडे वेगळे. महाराष्ट्रात जानेवारी 2024 मध्ये तोडणीच्या दरात 34 टक्के वाढ ठरली. गुजरात सरकारने 2023 मध्ये टनामागचा किमान दर 238 वरून 476 रुपये केला. हा आकडा पाठ करून जा. मुकादमाने त्याहून कमी सांगितला तर तिथेच विचारा. मुकादमाचं कमिशन वेगळं असतं, ते तुमच्या दरातून कापायचं नसतं.

उचलीचं गणित असं असतं. माझ्याकडे एक जोडी आली होती, पाच महिने राबून. उचल घेतली 30,000. मुकादमाच्या वहीत ती 45,000 लिहिलेली, कारण "दीडपट चालते". शिवाय आठवड्याच्या खर्चीचे पैसे आणि ज्वारी त्यात मांडलेली. किती टन तोडला, हे मात्र त्या वहीत कुठेच नव्हतं. होळीला घरी आले ते अंगावर बाकी घेऊन, पुढच्या वर्षाची जोडी बांधूनच. त्या बाईने मला विचारलं, "ताई, इतका ऊस तोडला तो गेला कुठे?" मला त्या दिवशी उत्तर देता आलं नाही. त्यानंतर जो कुणी उसाला निघतो, त्याला मी एक दहा रुपयांची वही देते.

वहीत रोज एवढंच लिहायचं: तारीख, गाडीचा नंबर, वजनाच्या पावतीवरचे टन, त्या दिवशी घेतलेली खर्ची. लिहिता येत नसेल तर मुलाकडून लिहून घ्या, नाहीतर पावतीचा मोबाईलवर फोटो काढा. उचल घेतानाही आकडा दोघांच्या तोंडून बोलून मोबाईलमध्ये रेकॉर्ड करा. वाढ्याचे, म्हणजे उसाच्या शेंड्याकडच्या हिरव्या चाऱ्याचे, पैसे कुणाचे, हेही आधीच ठरवा. वाढे विकून आठवड्याचं मीठ-मिरची निघते.

आणि एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. "उचल फिटेपर्यंत सोडणार नाही" असं म्हणणं, माणूस किंवा त्याचं लेकरू अडकवून ठेवणं, हा 1976 च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याखाली गुन्हा आहे. त्याची तक्रार जिल्हाधिकारी किंवा प्रांताधिकाऱ्यांकडे करता येते. घेतलेले पैसे फेडायचे असतात हे मलाही मान्य आहे, पण पैशांसाठी माणूस गहाण राहत नाही.

राज्यात ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचं कल्याण महामंडळ आहे. ग्रामसेवकाकडे ऊसतोड कामगार म्हणून नोंद करून ओळखपत्र मागा. गुजरातेत जाणाऱ्यांनीही निघण्याआधी ग्रामपंचायतीच्या स्थलांतर नोंदवहीत सगळ्या घराची नावं लिहूनच निघावं.

आम्ही गेलो तर पोरांच्या शाळेचं काय?

न्यायची नाहीत, हे पहिलं उत्तर. आजी-आजोबा असतील तर मुलं गावात ठेवा आणि मुख्याध्यापकांकडे हंगामी वसतिगृहाची चौकशी करा. नंदुरबार-धुळ्यात आदिवासी विकास विभागाच्या आश्रमशाळा आहेत, प्रवेश जूनमध्येच घ्यावा लागतो. नेणं भागच असेल तर शाळेतून शिक्षण हमी पत्रक घेऊन जा, ते दाखवल्यावर तिथल्या शाळेने मूल बसवून घ्यायचं असतं. सहा महिन्यांच्या आतलं तान्हं आणि गरोदर बाई यांची नोंद निघण्याआधी अंगणवाडीत आणि आशाताईकडे करा. लस चुकली की ती चुकलेलीच राहते.

रोजगार हमीचं काम गावात का निघत नाही?

बहुतेक वेळा, मागितलेलं कागदावर नसतं म्हणून. "सरपंचाला सांगितलं होतं" याला मागणी म्हणत नाहीत.

हा हक्क महाराष्ट्राचा स्वतःचा आहे. 1972 च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या माणसांच्या घामातून योजना राज्यभर पसरली, 1977 मध्ये राज्याने तिचा कायदा केला, आणि देशाचा कायदा त्यानंतर 2005 मध्ये आला. फेब्रुवारी 2006 मध्ये तो सुरू झाला, तेव्हा पहिल्याच टप्प्यात धुळे आणि नंदुरबार होते. त्यात वर्षाला 100 दिवसांची हमी, आणि 2025-26 साठी महाराष्ट्राचा दर दिवसाला 312 रुपये होता. डिसेंबर 2025 मध्ये संसदेने त्याच्या जागी नवा कायदा मंजूर केला. त्यात हमी 125 दिवसांची आहे, पण शेतीच्या ऐन हंगामात वर्षातून 60 दिवसांपर्यंत कामं बंद ठेवण्याची मुभाही आहे. आपल्याकडे काम लागतं ते फेब्रुवारी ते मे, तेव्हा या बंदीचे दिवस कुठले धरले जातात याकडे ग्रामसभेत लक्ष ठेवा.

आतापर्यंतची पद्धत अशी: नमुना 4 मध्ये कामाची मागणी लिहून द्यायची आणि नमुना 5 ची तारखेसह पोच घ्यायची. पोच मिळाल्यापासून 15 दिवसांत काम नाही मिळालं तर बेकारी भत्त्याचा हक्क लागतो. म्हणून पोच द्यायला टाळाटाळ होते. दहा-पंधरा जण एकत्र जा, अर्जाच्या झेरॉक्सवर शिक्का मागा. ग्रामपंचायतीत देत नसतील तर तहसील किंवा पंचायत समितीच्या आवक टेबलावर द्या. कायदा नवा आला तरी शिक्क्याची ही सवय मोडू नका.

केळीच्या पट्ट्यात काम कसं असतं?

जळगावच्या केळीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. घड कापणं, डोक्यावर वाहून बांधावर आणणं, ट्रक भरणं हे टोळीचं काम, आणि टोळीला ते उक्तं मिळतं. चांगल्या टोळीतला माणूस शेतमजुरापेक्षा बरा कमावतो. पण मान आणि पाठ चाळिशीतच बोलू लागते. आता खोक्यात भरून परदेशी पाठवायची केळी वाढली, त्यामुळे धुण्या-निवडण्याचं आणि पॅकिंगचं काम बायांनाही मिळू लागलं आहे. वादळात बाग आडवी झाली की मालकाचा पंचनामा होतो, मजुराचा होत नाही. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो तेव्हा पहाटे सुरू करून अकराला काम थांबवायची बोली करा.

खान्देशात कारखाने नाहीत का?

होते, आणि काही आहेत. अमळनेरची प्रताप मिल, जळगावची खान्देश मिल, धुळ्याची मिल यांच्या भोंग्यावर शहरं उठत होती. तिन्ही बंद पडल्या. विप्रोची सुरुवातही अमळनेरलाच, 1945 मध्ये, वनस्पती तेलाच्या कारखान्यातून झाली. आज जळगावात डाळ मिल, प्लास्टिकच्या चटया, पाइप आणि ठिबकचे कारखाने, भुसावळला रेल्वे, दीपनगरचं वीज केंद्र आणि आयुध निर्माणी, वरणगावलाही आयुध निर्माणी. धुळ्यात यंत्रमाग. शिरपूरला कापड. शिवाय अवधान, नरडाणा, नवापूरच्या औद्योगिक वसाहती. भरती बहुतेक कंत्राटदारामार्फत होते. गेटवर विचारायचं ते इतकंच: भविष्य निर्वाह निधी कापता का, आणि कापला तर नंबर द्या. पगाराची चिठ्ठी दर महिन्याला घ्या. मनमाड-इंदूर रेल्वेला सप्टेंबर 2024 मध्ये केंद्राची मंजुरी मिळाली. तिच्या बांधकामात स्थानिक हातांना काम मिळावं ही मागणी धुळे-शिरपूरकडच्या ग्रामसभांनी आत्ताच ठरावात लिहून ठेवावी.

सुरतेला जावं का?

ओळखीचं माणूस असेल तर जा. उधना, लिंबायतला गल्ल्याच्या गल्ल्या खान्देशी आहेत, अहिराणी बोलत भाजी घेता येते. लूमवर बारा तासांची पाळी सर्रास असते, यंत्रांच्या आवाजाने कान बसतात. कापूस कानात घाला, हसतील हसू देत. रेशनकार्ड इथलं असलं तरी धान्य तिथे उचलता येतं, आधार जोडलेलं हवं.

पोरगा पदवीधर आहे आणि तीन वर्षं अभ्यासिकेत बसतो. काय सांगावं?

जळगावच्या विद्यापीठातून दरवर्षी मुलं पदव्या घेऊन बाहेर पडतात आणि भरतीच्या जाहिरातीची वाट बघतात. मी त्यांना अभ्यास सोडा म्हणत नाही. मुदत घाला म्हणते, दोन प्रयत्न किंवा वयाची एक मर्यादा, आणि सोबत हातात एक कौशल्य ठेवा. ठिबकची जोडणी-दुरुस्ती, सोलर पंप, मोटर रिवाइंडिंग, डिझेल मेकॅनिक ही कामं करणारा माणूस आमच्या भागात आठ-आठ दिवस मिळत नाही. आयटीआय तालुक्याच्या गावी आहे. महास्वयम या सरकारी रोजगार संकेतस्थळावर नाव नोंदवा. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षणातून विद्यावेतन मिळतं, पण ती नोकरी नव्हे, हे आईवडिलांनी समजून घ्यावं, म्हणजे पुढे मुलाला टोमणे बसत नाहीत.

ई-श्रम कार्ड काढलं, आता पैसे येतील ना?

नाही. ती नोंद आहे, 16 ते 59 वयाच्या असंघटित कामगारांसाठी. काढा, फुकट आहे. बांधकामावर वर्षात 90 दिवस काम केलं असेल तर बांधकाम कामगार मंडळाची नोंदणी त्याहून जास्त उपयोगाची, त्यात मुलांच्या शिक्षणापासून बाळंतपणापर्यंत मदत आहे. 90 दिवसांचा दाखला ठेकेदार किंवा ग्रामसेवक देतो. एजंटाला पैसे देऊ नका.

मजुरी बुडवली तर कुठे जायचं?

आधी चार माणसं घेऊन मालकाच्या दारात. बरीच प्रकरणं तिथेच मिटतात. नाही मिटलं तर जिल्ह्याच्या कामगार कार्यालयात लेखी तक्रार. वकील लागला तर तालुका विधी सेवा समितीकडे मोफत मिळतो. बाया, अनुसूचित जाती-जमातीची माणसं आणि वेठबिगार यांना उत्पन्नाची अट नाही. फोन 15100.

तिथे पहिला प्रश्न विचारतात, पुरावा काय? गेल्या वर्षी एका पाड्यावरची बाई आली. विहिरीच्या कामाचे दिवस मुकादम 19 म्हणत होता, ती 31 म्हणत होती. तिला लिहिता येत नाही. मी तिच्या घरी गेले, तर दाराच्या मागच्या बाजूला कोळशाने ओढलेल्या रेघा होत्या, चार उभ्या आणि एक आडवी, अशा सहा जुड्या आणि वर एक. ज्या दिवशी दगड निघाला त्या रेघेखाली तिने टिंब दिलं होतं. मी दाराचा फोटो काढला, मुकादमाला बोलावून आणलं आणि टिंब दाखवलं. दगड कधी निघाला हे त्यालाही आठवत होतं. त्याने तिथेच उभ्या उभ्या राहिलेल्या बारा दिवसांचे पैसे मोजून दिले.